सातवर नाव, बारावर कोण?

अज्ञान मुलाच्या नावावर शेत असलं की सातबाऱ्यावर त्याच्या नावासोबत तीन अक्षरं लागतात: अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल सज्ञान होईपर्यंत त्याच्या वतीने सही कोण करणार, हे त्या नोंदीवरून कळतं. पिढ्यानपिढ्या तिथे बापाचं नाव लागत आलं. आईचं नाव दिसलं तर वाचणारा मनातल्या मनात समजून घ्यायचा, की बाप गेलेला दिसतो.

मौदा हे नागपूर-भंडारा रस्त्यावरचं, कन्हानच्या काठचं तालुक्याचं गाव. इथून पूर्वेला धानाचा मुलूख लागतो. इथल्या माणसाला सातबारा वाचायला शिकवावं लागत नाही. वरचा नमुना सात मालक कोण ते सांगतो, खालचा नमुना बारा त्या जमिनीत काय पेरलं ते सांगतो. नाव एकाचं आणि वहिती दुसऱ्याची, यावरून भावाभावांत, मालक-कुळांत किती दावे झाले याची गणती नाही.

नवरा-बायको वेगळे झाले की मुलासाठी कोर्टात वापरतात तो शब्दही जमिनीचाच आहे: ताबा. 'मुलाचा ताबा आईकडे राहील', 'वडिलांचा ताब्याचा अर्ज फेटाळला', अशी ती भाषा. आज बापांच्या संघटना समान ताबा मागतात. ही मागणी कालपरवाची वाटते, पण तिच्यामागे जवळजवळ एकशेऐंशी वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यातलं एक महत्त्वाचं वळण तर विदर्भातल्या शेताच्या बांधावरच आलं.

बाप की पाद्री

१८४३ साल संपत आलं होतं. मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाच्या बारा वर्षांच्या ब्राह्मण मुलावरून वादळ उठलं. त्याचा थोरला भाऊ नारायण याने त्याच वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. हेच पुढे जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री. धाकटा श्रीपत स्कॉटिश पाद्री रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडे राहू लागला, त्यांच्या घरचं अन्नही खाऊ लागला. बापाने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला: माझा मुलगा मला परत द्या.

कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. आपलं बरंवाईट ठरवण्याचं त्याचं वय नाही, म्हणून तो बापाच्या स्वाधीन, असा निकालाचा रोख होता. पोराला काय हवंय, याला वजन नव्हतं. भांडण बाप आणि पाद्री यांच्यात होतं. आई त्यात पक्षकारच नव्हती.

निकाल लागला तरी तंटा मिटला नाही. मुलगा बापाकडे आला, पण जात त्याला घ्यायला तयार होईना. पाद्र्याच्या घरी जेवलेल्या पोराला पंक्तीत कसं बसवायचं? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले. त्यांनी प्रायश्चित्त करवून श्रीपतला परत घेण्याचा पक्ष धरला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. कोर्टाने बापाला हक्क दिला, तो घरात उतरवण्यासाठी मात्र एका शास्त्र्याला झगडावं लागलं. कागदावरचं बापपण आणि प्रत्यक्षातलं बापपण यांच्यात किती अंतर असतं, ते महाराष्ट्राला तेव्हाच दिसलं होतं.

मुंबईच्या न्यायाधीशांपुढे जो कायदा होता, तो विलायतेतून आला होता. इंग्रजी रिवाजात मूल जवळजवळ पूर्णपणे बापाचं असे. नवऱ्याने मुलं तोडून नेल्यावर कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेने जी चळवळ केली, तिच्यामुळे १८३९ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला आणि सात वर्षांखालच्या मुलांसाठी आईला निदान अर्ज करण्याची मुभा मिळाली. म्हणजे ताब्याच्या कायद्यातली पहिली मोठी चळवळ आयांची होती. तेव्हा बापांना लढायचं कारणच नव्हतं, सगळं त्यांच्याच पदरात होतं.

मुलाला अटक

हिंदुस्थानात १८९० मध्ये पालक आणि पाल्य कायदा आला. तो आजही लागू आहे. मौद्यातल्या बापाने आज मुलाच्या ताब्यासाठी अर्ज करायचा म्हटलं, तर वकील प्रथम याच कायद्याचं पुस्तक उघडतो. अर्ज कुठे करायचा? मूल नेहमी जिथे राहतं, तिथल्या जिल्हा न्यायालयाच्या हद्दीत. मूल मौद्यात असेल तर नागपूर. आई त्याला घेऊन गोंदियाला किंवा छिंदवाड्याला माहेरी राहायला गेली असेल, तर बापाची पायपीटही तिकडे.

या कायद्याचं कलम १९ सांगत होतं, की बाप जिवंत असेल आणि कोर्टाला तो नालायक वाटत नसेल, तर दुसरा कोणी पालक नेमता येणार नाही. तिथे आईचं नाव जोडायला संसदेने २०१० साल उजाडू दिलं. कलम २५ वाचताना तर आजही माणूस दचकतो. मूल पालकाच्या ताब्यातून निघून गेलं किंवा कोणी नेलं, तर ते परत आणवण्यासाठी कोर्ट त्याला अटक करवू शकतं. अटक नेणाऱ्याची नव्हे, मुलाची. हरवलेलं जनावर कोंडवाड्यातून सोडवून आणावं, तशी ही भाषा. पण याच कायद्याच्या कलम १७ मध्ये एक वेगळं बीही पडलेलं आहे: मुलाचं हित पाहावं, आणि समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं ते मोठं असेल तर तिचाही विचार करावा.

त्या काळातला सर्वांत गाजलेला खटला मद्रासचा. नारायणय्या यांनी १९१० मध्ये आपल्या दोन मुलांचं पालकत्व अॅनी बेझंट यांना लिहून दिलं. त्यातला एक मुलगा पुढे जे. कृष्णमूर्ती म्हणून जगाला माहीत झाला. नंतर बापाचं मन फिरलं आणि त्यांनी दावा लावला. १९१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बापाच्या बाजूने कौल दिला; १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. या खटल्यातला दैवदुर्विलास असा, की १८७८ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने ह्याच बेझंटबाईंकडून त्यांची मुलगी काढून नवऱ्याला दिली होती. त्यांचे विचार पाखंडी, म्हणून त्या आई म्हणून नालायक! बापाच्या हक्काखाली चिरडलेली आई तीस-पस्तीस वर्षांनी दुसऱ्या एका बापाविरुद्ध उभी होती. प्रिव्ही कौन्सिलने एका गोष्टीवर नेमकं बोट ठेवलं: ज्यांच्यावरून हे सगळं चाललं होतं, त्या मुलांची बाजू मांडणारं दाव्यात कोणीच नव्हतं.

१९४० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयातही वारं फिरलं. मुख्य न्यायाधीश सर जॉन ब्यूमाँट यांच्यापुढे आलेल्या एका प्रकरणात कोर्टाने म्हटलं, की आई योग्य असेल तर लहानग्या मुलासाठी तिची जागा दुसऱ्या कोणी घेणं शक्य नाही. आजही ताब्याच्या खटल्यांत या निकालाचा दाखला दिला जातो. पारडं आईकडे झुकलं ते तेव्हापासून. पण झुकलं फक्त सांभाळण्याचं पारडं. मालकीच्या रकान्यात बाप होता तिथेच राहिला.

५६ सालचा ठेका

ही फाळणी १९५६ च्या ऑगस्टमध्ये कायद्यात पक्की झाली. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ ने नैसर्गिक पालक ठरवला तो बाप, 'आणि त्याच्यानंतर' आई. लगेच पुढे पुस्ती जोडली, की पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे राहील. कलम १३ ने सांगितलं, की सगळ्यांत वर मुलाचं हित. सोप्या भाषेत, सातवर बाप आणि बारावर आई. या वाटणीने दोघांवरही अन्याय केला. आई रात्रंदिवस राबायची, पण तिच्या सहीला किंमत नव्हती. बापाची सही चालायची, पण मुलाला न्हाऊ-माखू घालणं, तापात रात्र जागणं हे त्याचं काम आहे असं कायद्यानेच गृहीत धरलं नाही. पुढे बाप मूल मागायला आले, तेव्हा त्यांच्या आड हीच गृहीतकं आली.

ते वर्ष विदर्भाच्या उलथापालथीचं होतं. नोव्हेंबरात हा मुलूख मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. दोन वर्षांनी विदर्भासाठी वेगळा कूळकायदा झाला. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा कायद्याच्या कलमांत उतरू लागली आणि शेतमालक-कुळांचे दावे तहसीलपासून दिल्लीपर्यंत चालू लागले.

अशाच एका दाव्यात जमीन होती एका अज्ञान मुलीच्या नावावर. मायबाप बेबनाव होऊन वर्षानुवर्षं वेगळे राहत होते. मुलगी आईजवळ. १९५१ पासून मुलीचं शेत आईच ठेक्याने देत होती, आधी तोंडी बोलीवर. १९५६-५७ सालासाठी मात्र लेखी ठेका झाला, आणि त्यात मुलीच्या वतीने आई होती. पुढे प्रश्न निघाला: बाप हयात असताना आईने केलेला हा व्यवहार चालतो का? कलम ६ चा शब्द न् शब्द धरला तर नाही. बाप जिवंत म्हणजे पालक तोच.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. वकिलांच्या तोंडी ते आजही 'जिजाबाई' खटला म्हणूनच आहे. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाशी सहमती दाखवली. बाप हयात होता खरा, पण मुलीच्या बाबतीत त्याने काडीचा रस घेतला नाही. तिच्यापुरता तो नसल्यातच जमा. म्हणून या परिस्थितीत आईच नैसर्गिक पालक.

हा निकाल आयांचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. पण त्याचा पाया नीट पाहा. जन्म देणं पुरेसं नाही, नाव असणंही पुरेसं नाही. जो सांभाळतो, व्यवहार पाहतो, तो पालक. न्यायाधीशांनी तसं म्हटलं नसेल, पण कूळकायद्याच्या त्या हवेत कसेल त्याची जमीन हेच तत्त्व माणसाच्या पोरापर्यंत पोहोचलं होतं. तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, की हे तत्त्व दोन्ही बाजूंनी कापतं. ज्या बापाने खरोखर सांभाळलंय, त्याला 'तू फक्त बाप आहेस' म्हणून दूर ठेवता येत नाही. बापांच्या चळवळीचा सर्वांत मजबूत युक्तिवाद एका गैरहजर बापाच्या खटल्यात दडून राहिला.

तो निकाल पुन्हा उघडला तो एका रोख्याच्या अर्जामुळे. १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, पालक म्हणून स्वतःचं नाव घातलं. नवराही राजी होता. बँकेने अर्ज परत धाडला: बापाची सही आणा. सोबत जोडलेली दुसरी याचिका पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा यांची होती आणि तिच्यामागे मुलाच्या ताब्याचा झगडा होता. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'त्याच्यानंतर' याचा अर्थ 'त्याच्या मृत्यूनंतर' एवढाच नाही, 'त्याच्या गैरहजेरीत' असाही होतो, असं ठरवलं. आधाराला विदर्भातला तो ठेका होताच.

बाप रस्त्यावर येतात

याच सुमारास महाराष्ट्रात पुरुष संघटित होऊ लागले होते. नाशिकची पुरुष हक्क संरक्षण समिती १९९० च्या दशकातली. २००५ मध्ये सेव्ह इंडियन फॅमिली फाउंडेशन उभं राहिलं, देशभर शाखा निघाल्या. नागपूरची शाखा त्यातल्या जास्त बोलक्या शाखांपैकी एक. राजेश वखारिया हा तिचा ओळखीचा चेहरा. बंगळुरूला कुमार जहागीरदार यांनी केवळ सामायिक पालकत्वासाठी 'क्रिस्प' ही संघटना काढली.

या संघटनांकडे आलेले पुरुष आधी मुलासाठी आले नव्हते. ते आले विवाहितेच्या छळाच्या ४९८-अ कलमाच्या भीतीने, खावटीच्या आदेशांनी गांजून, नंतर २००६ मध्ये अमलात आलेल्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने बिथरून. सुटीच्या दिवशी एखाद्या बागेत जमायचं, नव्याने आलेल्याने आपली केस सांगायची, मुरलेल्याने सल्ला द्यायचा, अशा त्या बैठका. जामीन झाला, नोकरी वाचली, रागाचा पहिला भर ओसरला, की मग माणूस हळू आवाजात म्हणायचा: पोराला पाहून आठ महिने झाले.

त्या वाक्यामागे व्यवस्थेचं एक खरं दुखणं होतं. मुख्य दावा वर्षानुवर्षं तारखांत अडकतो. तोवर भेटीचे अंतरिम आदेश: महिन्यातले दोन शनिवार, दोन तास, कोर्टाच्या इमारतीतल्या मुलांच्या खोलीत. समुपदेशक दाराशी. भिंतीवर कार्टून, खाली चार खेळणी, आणि घड्याळाकडे पाहत बसलेला बाप. मौद्याहून आलेल्या माणसाचा त्या दोन तासांसाठी अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते. त्या दिवशी मूल तापाने आलंच नाही, तर पुढचा शनिवार. अशी दोन वर्षं गेली की मूल त्याला ओळखेनासं होतं आणि मग तेच कारण कोर्टात मांडलं जातं: मूल बापाकडे जायला तयार नाही. मुलाचे कान भरून त्याला दुसऱ्या पालकापासून तोडण्याच्या या प्रकाराची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घेतली. २०१५ मध्ये गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं होतं, की पाच वर्षांखालचं मूल आईकडे न देण्याजोगं कारण काय, हे बापाने दाखवायचं असतं.

स्त्रियांची बाजू लढवणाऱ्या वकिलांचा आक्षेपही वरवरचा नव्हता. त्यांचं म्हणणं, की मारहाणीतून सुटलेल्या बाईला दर आठवड्याला त्याच माणसाच्या दारात मूल पोचवायला लावणार का? ताब्याचा अर्ज पुष्कळदा खावटी कमी करून घेण्यासाठी दबाव म्हणून येतो, त्याचं काय? आणि लग्न टिकलेलं असताना ज्याने पोराच्या शाळेची पायरी चढली नाही, त्याला घटस्फोटानंतर अचानक निम्मा वेळ कशाला हवा? काही पुरुष संघटनांनी या प्रश्नांना उत्तर देण्याऐवजी बायकांवरच राळ उडवली. औरंगाबादजवळ पत्नीपीडितांचा आश्रम निघाला, वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पिंपळाला उलट्या फेऱ्या झाल्या. पेपरात फोटो छापून आले, लोक हसले, आणि दोन शनिवारांच्या खोलीत बसलेला बाप त्या हशात हरवला.

समान म्हणजे किती?

चळवळीची मागणी गांभीर्याने तपासली ती विधी आयोगाने. अध्यक्ष होते न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, मूळचे सोलापूरचे, मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षं न्यायाधीश राहिलेले. २०१४ मध्ये आयोगाने सामायिक पालकत्वावर चर्चापत्र काढलं आणि मे २०१५ मध्ये २५७ वा अहवाल दिला. बापाचं कायद्यातलं पहिलं स्थान काढा, आई-बाप दोघांनाही सारखेच नैसर्गिक पालक माना, संयुक्त ताब्याची सोय कायद्यात आणा, मध्यस्थीवर भर द्या, अशा शिफारशी त्यात होत्या.

पण निम्मा-निम्मा वेळ हा सुरुवातीचा नियम असावा, हे आयोगाने मानलं नाही. संयुक्त ताबा हा एक पर्याय. मुलाच्या हिताचा आहे असं न्यायाधीशाला पटलं तर द्यायचा. संघटनांची निराशा झाली. बापांना समान ताबा हवा होता, आयोगाने समान दर्जा देऊ केला. गंमत अशी, की त्यासाठी बापांना कागदावरची पहिली जागा सोडावी लागणार होती. आंदोलनाच्या घोषणांत समान ताब्याचा गजर असायचा. 'कलम ६ मधला आमचा अग्रक्रम काढून टाका' हा आवाज त्यात क्वचितच ऐकू यायचा. सातवरचं नाव राहू द्या आणि बारावरही निम्मं लावा, असा तो अर्ज झाला. अहवाल आला आणि कलम ६ होतं तसंच राहिलं.

कायदा हलला नाही तरी निकालांची भाषा हलली. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की आई आणि बाप दोघांचं प्रेम, दोघांचा सहवास मिळणं हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे. ज्याच्याकडे ताबा नाही, त्याला भेटीखेरीज फोनवर, व्हिडिओवर रोजचं बोलणं मिळावं. दोनच महिन्यांनी टाळेबंदी लागली आणि अनेक बापांसाठी फोनचा पडदा हाच काय तो शनिवार उरला.

महाराष्ट्र शासनानेही २०२४ मध्ये नावांचा क्रम बदलला: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, शेवटी आडनाव. रकान्यातला बाप एक घर मागे सरकला. त्याने त्याचं काही गेलं, असं मला वाटत नाही. रकाना त्याच्याकडे १८४३ मध्येही होता.

नमुना सातवर एकदा नाव चढलं की ते फेरफार होईपर्यंत तसंच राहतं. नमुना बारा मात्र दर हंगामाला नव्याने भरावा लागतो. यंदा पेरलं तर यंदाची नोंद. समान ताब्याची लढाई कोर्टात जिंकायची, तर ती मोडण्याआधीच्या संसारात लढलेली असावी लागते: दवाखान्याच्या रांगेत, शाळेच्या पालकसभेत, रात्री दोन वाजता उलटी पुसताना. तिथे ज्याची नोंद आहे, त्या बापाला महिन्याचे दोन शनिवार देणं हा अन्यायच आहे. कायद्याने त्याला तो अन्याय म्हणूनच ओळखायला हवं.

पण जमिनीची उपमा इथे सोडून द्यावी लागते. माझ्यात नांगर कोणी घालावा, हे शेत सांगत नाही. मूल सांगू शकतं. आता कितीतरी न्यायाधीश निकालाआधी मुलाला आपल्या दालनात बोलावतात, वकिलांना बाहेर ठेवतात, आधी शाळेबद्दल विचारतात, मित्रांबद्दल विचारतात आणि मग हळूच मूळ प्रश्नाकडे येतात. श्रीपत शेषाद्रीला तेवढं कोणी विचारलं असतं, तर तो काय म्हणाला असता?